गॅस बर्नर ज्योत का ओळखत नाही? सोलापूरच्या कारखान्यांतून वारंवार येणारे प्रश्न

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले चादर-टॉवेलचे प्रोसेस हाउस, डाइंगचे बॉयलर, थर्मोपॅक (तेल तापवणारी भट्टी), स्टेंटर (कापड ताणून सुकवणारं यंत्र), शहरातल्या बेकऱ्या, सगळीकडून येणारी तक्रार एकच असते: "बर्नर पेटतो आणि लगेच लॉकआउटला जातो", म्हणजे रीसेट दाबेपर्यंत बंदच राहतो. त्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. सुरुवातीला पाया आणि पुढे अडचणीची प्रकरणं, असा क्रम आहे. एकच माहिती दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ज्योत डोळ्यांना स्पष्ट दिसते, तरी कंट्रोलर बर्नर बंद का करतो?

कंट्रोलरला ज्योत दिसत नसते. सेन्सरकडून येणारा काही मायक्रोअँपिअरचा प्रवाह हीच त्याची एकमेव खबर. पेटवल्यावर ठरलेल्या वेळात हा प्रवाह किमान मर्यादेच्या वर गेला नाही, तर कंट्रोलर गॅसचे व्हॉल्व्ह बंद करून लॉकआउट घेतो. गॅस बर्नरवर ही वेळ, म्हणजे सुरक्षा वेळ, साधारण २ ते ५ सेकंदांची असते आणि बर्नरच्या क्षमतेवरून ठरते. म्हणून शोधायचं ते इतकंच: ज्योतीपासून कंट्रोलरच्या टर्मिनलपर्यंत सिग्नल नेमका कुठे हरवतोय. ज्योत खरंच धड आहे का, सेन्सर तिच्यापर्यंत पोचतोय का, वायर आणि अर्थिंग शाबूत आहे का, पुरवठा नीट आहे का. कंट्रोलर बदलायची पाळी सगळ्यात शेवटी येते. दुर्दैवानं बहुतेक ठिकाणी सुरुवात तिथूनच होते आणि हजारो रुपये उगाच जातात.

२. आमच्या बर्नरला फ्लेम रॉड आहे की यूव्ही सेल, हे कसं ओळखायचं?

बर्नरच्या तोंडाशी चिनीमातीच्या नळीतून निघून ज्योतीत घुसणारी एकच सळई आणि तिला एकच वायर असेल, तर तो फ्लेम रॉड. बाजूलाच स्पार्कचे इलेक्ट्रोड असतात. त्यांची वायर जाड, उच्च दाबाची असते आणि इग्निशन ट्रान्सफॉर्मरकडे जाते. रॉडची वायर थेट कंट्रोलरकडे जाते. बर्नरच्या मागून किंवा बाजूच्या नळीतून ज्योतीकडे पाहणारा, दोन वायरींचा, आत काचेची छोटी नळी असलेला सेन्सर म्हणजे यूव्ही सेल. तो ज्योतीतला अतिनील (यूव्ही) प्रकाश ओळखतो. डिझेल बर्नरवर दिसतो तो फोटोसेल तिसराच प्रकार (प्रश्न १५), आणि बेकरीच्या छोट्या ओव्हनला बहुधा थर्मोकपल असतो (प्रश्न १६).

३. फ्लेम रॉड म्हणजे साधी सळईच. तिला ज्योत कळते कशी?

ज्योतीत आयन असतात, त्यामुळे ती थोडीशी वीज वाहून नेते. कंट्रोलर रॉडवर एसी दाब देतो. रॉडचा ज्योतीला लागणारा भाग छोटा, आणि बर्नरच्या तोंडाचा अर्थला जोडलेला भाग बराच मोठा, निदान चौपट. या फरकामुळे एका दिशेनं प्रवाह जास्त आणि उलट दिशेनं नगण्य वाहतो, म्हणजे एसीचा अर्धवट डीसी होतो. कंट्रोलर फक्त हा डीसी भाग मोजतो.

या रचनेचा फायदा समजून घ्या. रॉड बर्नरला टेकला किंवा काजळीनं शॉर्ट झाला, तर दोन्ही दिशांना सारखाच प्रवाह वाहतो, डीसी शून्य येतो आणि कंट्रोलर "ज्योत नाही" असं समजून बंद करतो. म्हणजे बिघाड झाला तरी तो सुरक्षित बाजूला होतो. आणि बर्नरचं तोंड हा सर्किटचाच अर्धा भाग आहे. ते गंजलेलं किंवा जळून वाकलेलं असेल, तर नवा कोरा रॉड लावूनही सिग्नल वाढत नाही.

४. तपासायला हात घालण्याआधी काय करायचं?

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, साधारण दीडपट ते दुप्पट. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत, केबलच्या चरात, बॉयलरच्या खाली साचतो. त्यामुळे आधी वास घ्या, जोडण्यांना साबणाचं पाणी लावा, दारं-खिडक्या उघडा. लॉकआउट आल्यावर रीसेट जास्तीत जास्त दोनदा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा न जळालेला गॅस भट्टीत जातो. कुणी दहा वेळा बटण दाबत बसला, की अकराव्या ठिणगीला स्फोट होऊ शकतो. प्रीपर्जची, म्हणजे पेटवण्याआधी ब्लोअरनं आतली हवा बाहेर काढण्याची वेळ कमी करून ठेवलेली असेल तर ती आधी पूर्ववत करा. भट्टी आणि धुराच्या वाटेतली हवा निदान चार वेळा बदलेल इतका वेळ ब्लोअर चालायलाच हवा.

दुसरा धोका विजेचा. कित्येक कंट्रोलरमध्ये फ्लेम रॉडवर जवळजवळ मेन्सइतका दाब असतो आणि यूव्ही सेलवर त्याहून जास्त. वायर काढताना-जोडताना एमसीबी बंद, आणि टेस्टरनं खात्री.

सामान फार लागत नाही: एक-दोन मायक्रोअँपिअरही धड दाखवणारा मल्टिमीटर, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारं यंत्र), बारीक पॉलिश पेपर, गॅसचा दाब पाहायला मॅनोमीटर, आणि कंट्रोलरचं मॅन्युअल. मॅन्युअल नसेल तर कंट्रोलरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घेऊन मागवा. शेवटची दोन अक्षरंसुद्धा महत्त्वाची, कारण त्यांत सुरक्षा वेळ दडलेली असते.

५. लॉकआउट कोणत्या क्षणी येतो, यावरून दोष ओळखता येतो का?

बराचसा येतो, आणि पाच मिनिटांच्या निरीक्षणात दोन दिवसांची खोलाखोली वाचते. एकानं काचेतून ज्योतीकडे आणि दुसऱ्यानं घड्याळ घेऊन कंट्रोलरकडे बघायचं.

ब्लोअर सुरू होण्याआधी किंवा प्रीपर्ज चालू असतानाच लॉकआउट आला, तर बहुधा कंट्रोलरला नसलेली ज्योत दिसतेय. प्रश्न ११ वाचा.

ठिणगी पडते, पण ज्योत अजिबात येत नाही आणि सुरक्षा वेळ संपल्यावर लॉकआउट: इथे सेन्सर निर्दोष असतो. गॅसचा दाब, सोलेनॉइड व्हॉल्व्हची कॉइल, गॅस नळीतली हवा, इलेक्ट्रोडमधलं अंतर बघा. सिलिंडर बदलल्यानंतर पहिल्या वेळी हे हमखास होतं.

ज्योत येते, स्थिर दिसते आणि तरी नेमकी सुरक्षा वेळ संपताच बंद: सिग्नल पोचत नाही किंवा कमी पडतो. रॉड असेल तर प्रश्न ६ ते ९, यूव्ही असेल तर प्रश्न १०.

पायलट (मेन ज्योत पेटवणारी छोटी ज्योत) टिकतो, मेन ज्योत येताच सगळं विझतं: प्रश्न १३.

अर्धा-पाऊण तास छान चालून मग बंद पडतो: प्रश्न १४.

मोठ्या आगीवर टिकतो आणि छोट्या आगीवर आला की बंद होतो, किंवा याच्या उलट: ज्योतीची जागा हलतेय आणि रॉड तिच्या बाहेर राहतोय. डॅम्पर (हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि गॅसचं प्रमाण आधी जुळवा, मग रॉडला हात लावा.

६. फ्लेम रॉडचा मायक्रोअँपिअर नेमका कसा मोजायचा?

एमसीबी बंद करा. कंट्रोलरच्या टर्मिनलवरून रॉडची वायर सोडवा. मीटर डीसी मायक्रोअँपिअरवर ठेवा. लाल टोक कंट्रोलरच्या टर्मिनलला, काळं टोक रॉडच्या वायरीला, म्हणजे मीटर सिरीजमध्ये. मीटर समांतर लावून दाब मोजत बसू नका, त्यातून ज्योतीचं काहीच कळत नाही. जोडण्या टेपनं झाका, पुरवठा द्या, बर्नर सुरू करा, आणि मीटर हातात न धरता बाजूला ठेवून वाचा.

फक्त पायलट असताना, पायलट आणि मेन दोन्ही असताना, एकटी मेन ज्योत छोट्या आगीवर आणि मोठ्या आगीवर, असे चारही आकडे लिहून घ्या. पायलट नसलेल्या बर्नरवर शेवटचे दोन पुरेत. आकडा उणे आला तर मीटरची टोकं उलटी लागली आहेत, दोष नाही. डिजिटल मीटर फार नाचत असेल तर त्याच्या दोन टोकांत १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर योग्य दिशेनं लावा, आकडा शांत होतो.

बर्नर टिकतच नसेल, तर सुरक्षा वेळेच्या त्या दोन-तीन सेकंदांतच वाचावं लागेल. मोबाइलवर मीटरचं चित्रीकरण करा आणि नंतर हळू चालवून बघा.

७. किती मायक्रोअँपिअर आला म्हणजे ठीक?

सगळ्यांसाठी एकच आकडा नसतो. बहुतेक बर्नरवर चांगला सिग्नल एक आकडी किंवा थोडा त्याच्या वर असतो, आणि किमान मर्यादा प्रत्येक कंट्रोलरच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. त्या किमान आकड्याच्या दुप्पट-तिप्पट सिग्नल मिळत असेल, तर बर्नर वर्षभर त्रास देत नाही. काटावर चालणारा बर्नर मात्र पहिल्या वाऱ्याला, पहिल्या दमट सकाळी बंद पडणार.

काही कंट्रोलर मायक्रोअँपिअरऐवजी टेस्ट जॅकवर (मीटर लावायच्या भोकांवर) डीसी व्होल्ट देतात. हनीवेलच्या ७८०० मालिकेत ही पट्टी ० ते ५ व्होल्टची असून १.२५ व्होल्ट ही किमान मर्यादा आहे.

आकड्याच्या आकारापेक्षा त्याची स्थिरता जास्त बोलकी. स्थिर ३ हा एकदा ८ आणि एकदा १ होणाऱ्या सिग्नलपेक्षा कितीतरी भरवशाचा. हेलकावे म्हणजे ज्योत उचलली जातेय, हवा जास्त आहे किंवा कुठेतरी जोडणी सैल आहे.

८. रॉड घासून साफ केला की चालतो, पण आठवड्यात पुन्हा तेच. असं का?

घासल्यानं लक्षण गेलं, कारण तसंच राहिलं. तीन गोष्टी बघा.

पहिली, काजळी. एलपीजीची ज्योत पिवळी आणि लांब दिसत असेल तर हवा कमी पडतेय. टॉवेलच्या कारखान्यात याचं कारण बहुतेक वेळा ब्लोअरच्या तोंडाशीच सापडतं. सुताची बारीक धूळ आणि कापसाचे तंतू जाळीवर, फॅनच्या पात्यांवर, हवेच्या डिफ्यूझरवर बसतात. डॅम्परचा काटा जागच्या जागी असतो, पण आत हवाच कमी जाते. अशा वेळी डॅम्पर वाढवून ज्योत निळी करून घेणं चूक आहे. पुढच्या साफसफाईनंतर हवा एकदम वाढते आणि ज्योत उचलली जाऊन बर्नर विझतो. आधी पाती आणि जाळी साफ करा, मग हवा-गॅसचं प्रमाण लावा. जिथे लूमचा किंवा टॉवेल कटिंगचा विभाग शेजारी आहे तिथे ब्लोअरची जाळी दर आठवड्याला साफ करायची गोष्ट आहे.

दुसरी, चिनीमाती. केसाएवढी तडा गेली की तिच्यात काजळी आणि ओल शिरते आणि सिग्नल रॉडच्या टोकापर्यंत जाण्याआधीच अर्थला पळतो. रॉडची वायर कंट्रोलरवरून आणि रॉडवरूनही सोडवून, रॉड आणि बर्नरच्या अंगामध्ये ५०० व्होल्टच्या मेगरनं इन्सुलेशन मोजा. ५० मेगाओहमच्या वर हवं. वायर न सोडवता मेगर फिरवला तर कंट्रोलर कायमचा जाईल. मग कंट्रोलरकडचं टोक सुटंच ठेवून हीच मोजणी वायरीसकट करा, म्हणजे दोष रॉडमध्ये आहे की वायरीत ते वेगळं कळतं.

तिसरी, रॉडचा आकार. रॉड उष्णता सोसणाऱ्या कँथलसारख्या मिश्रधातूचा असतो. तरी सतत तापून तो हळूहळू खाली झुकतो, गार असताना बर्नरपासून दूर आणि तापल्यावर टेकलेला. बाजारातल्या स्टीलच्या साध्या सळईचा तुकडा लावला असेल तर ही वेळ फार लवकर येते. नवा रॉड मूळ लांबीचाच घ्या. टोक निळ्या ज्योतीत, तिच्या मुळाकडच्या भागात राहायला हवं आणि कुठल्याही धातूला टेकता कामा नये.

९. लाइट गेली की जनरेटरवर बर्नर पेटतच नाही. लाइट आली की ठणठणीत. बर्नरमध्ये काय बिघाड?

बहुतेक वेळा बर्नरमध्ये काहीच नसतो, न्यूट्रलमध्ये असतो. फ्लेम रॉडचा प्रवाह रॉडमधून ज्योतीत, ज्योतीतून बर्नरच्या अंगात, तिथून अर्थच्या वायरीनं न्यूट्रलपर्यंत आणि न्यूट्रलमधून परत कंट्रोलरमध्ये येतो. जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल, तर ही परतीची वाट तुटते. ज्योत जळतेय, मीटर शून्य.

बर्नरच्या पॅनेलमध्ये तीन मोजण्या घ्या, एकदा लाइटवर आणि एकदा जनरेटरवर. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थही तितकाच, न्यूट्रल-अर्थ शून्य ते दोन-चार व्होल्ट. न्यूट्रल-अर्थ शंभराच्या घरात आला तर न्यूट्रल तरंगतोय, म्हणजे अर्थला जोडलेला नाही. तो २३० आणि फेज-अर्थ शून्य आला, तर फेज-न्यूट्रल उलटे लागले आहेत. पॅनेलमध्ये नुकतंच कुणी काम केलं असेल तर ही दुसरी चूक आधी तपासा. तिचं लक्षण अगदी तेच असतं: ज्योत छान, सुरक्षा वेळ संपताच लॉकआउट.

उपाय दोन. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून जनरेटरचा न्यूट्रल नियमाप्रमाणे अर्थ करून घ्यायचा. ते शक्य नसेल तर बर्नरच्या कंट्रोल पुरवठ्यापुरता छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून त्याच्या सेकंडरीचं न्यूट्रलचं टोक बर्नरच्या अंगाला जोडायचं. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या पॅनेललाही हेच लागू. यूव्ही सेलच्या दोन्ही वायरी कंट्रोलरवरच येत असल्यानं त्या बर्नरला हा त्रास सहसा होत नाही.

उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला म्हणून सिग्नल कमी झाला, असंही बरेच जण कळवतात. हिशेब करा: ५ मायक्रोअँपिअरला वाटेत १०० ओहम आले तरी अर्धा मिलिव्होल्ट पडतो. त्यानं सिग्नल कमी होत नाही. तुटलेली किंवा गंजून सुटलेली अर्थ वायर मात्र सिग्नल पूर्ण मारते. खड्ड्यात पाणी घालायचं ते माणसाला शॉक बसू नये म्हणून, आणि ते घालायलाच हवं.

१०. यूव्ही सेल चांगला आहे की गेला, हे घरच्या घरी कसं तपासायचं?

गॅस ट्रेनमध्ये (बर्नरकडे येणाऱ्या गॅस नळीवरच्या व्हॉल्व्हच्या रांगेत) सेफ्टी व्हॉल्व्हनंतर हाताचा कॉक असतो, तो बंद करा. व्हॉल्व्हच्या आधीचा कॉक बंद केलात तर लो प्रेशर स्विच बर्नर सुरूच होऊ देणार नाही. सेल नळीतून बाहेर काढा, भोक बुचानं बंद करा आणि बर्नर सुरू करा. ठिणगीची वेळ आली की सेलसमोर वीतभर अंतरावर लायटर पेटवा. कंट्रोलरवर ज्योतीचा दिवा लागला पाहिजे. लायटर विझवला की एका सेकंदाच्या आसपास व्हॉल्व्ह बंद झाले पाहिजेत. जुन्या कंट्रोलरमध्ये ही वेळ ३ सेकंदांपर्यंत असू शकते.

बॅटरी किंवा मोबाइलचा टॉर्च मारून बघण्यात अर्थ नाही. यूव्ही सेल साधारण १९० ते २७० नॅनोमीटरचा प्रकाश ओळखतो आणि तो टॉर्चमध्ये नसतो. उन्हातही जमिनीपर्यंत तो पोचत नाही, म्हणून उन्हामुळे सेल फसत नाही.

लायटरला प्रतिसाद देतो पण बर्नरवर देत नाही, तर वाट अडलेली आहे. इथे एक चूक फार वेळा सापडते: नळीतली क्वार्ट्झची काच फुटल्यावर त्या जागी साधी काच कापून बसवलेली असते. डोळ्याला दोन्ही सारख्याच पारदर्शक, पण साधी काच यूव्ही अडवते. क्वार्ट्झच लागते. तीवर बसलेला तेलकट थर आणि धूळही तेच करते. मऊ फडक्यानं, थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. सेलच्या काचेला बोटं लावू नका. नळीची दिशा ज्योतीच्या मुळाकडच्या एक तृतीयांश भागाकडे हवी, आणि शक्यतो सेलकडून ज्योतीकडे खाली उतरती, म्हणजे कचरा सेलवर येत नाही.

वायरी जोडताना रंग पाळा. काही यूव्ही सेलना दिशा असते, आणि उलटी वायर क्षणभर लागली तरी नळी खराब होऊ शकते.

११. बर्नर बंद आहे, ज्योत नाही, तरी कंट्रोलर "फ्लेम" दाखवतो. दुर्लक्ष केलं तर चालेल?

अजिबात नाही. या यादीतला हा सगळ्यात धोकादायक दोष आहे. नसलेली ज्योत दिसणारा सेन्सर खरी ज्योत विझल्यावरही गॅस चालू ठेवायला सांगेल.

आधी काचेतून बघा, आत खरंच बारीक ज्योत आहे का. सेफ्टी व्हॉल्व्ह गळत असेल तर बर्नर बंद झाल्यावरही ती रेंगाळते. तसं असेल तर मुख्य कॉक बंद करून व्हॉल्व्ह बदलेपर्यंत बर्नरला हात लावू नका.

आत अंधार असेल आणि सेन्सर यूव्हीचा असेल, तर सेल काढून हातानं पूर्ण झाका. तरी फ्लेम दाखवतोय? सेलची एक वायर सोडवा. आता दिवा गेला तर नळी म्हातारी होऊन आपोआप पेटते आहे, ती टाकून द्या. वायर सोडवूनही दिवा राहिला तर वायरीत ओल आहे किंवा कंट्रोलरचा अँप्लिफायर गेला आहे. बॉयलर हाउसमध्ये शेजारी वेल्डिंग चालू असेल तर तेही लक्षात घ्या. आर्कमधून भरपूर यूव्ही येतो आणि सेल त्याला ज्योत समजतो.

१२. ठिणगी पडताना सिग्नल दिसतो, ठिणगी थांबली की जातो. हा काय प्रकार?

सेन्सर ठिणगीलाच ज्योत समजतोय. ठिणगीतून यूव्ही निघतो, त्यामुळे सेलला ती थेट किंवा भट्टीच्या भिंतीवरून परावर्तित होऊन दिसता कामा नये. तपासायचं असं: पायलट आणि मेन दोन्हीचे हातकॉक बंद, बर्नर सुरू, ठिणगीच्या वेळेत मीटर बघा. सिग्नल शून्याजवळ राहायला हवा. येत असेल तर सेलचा कोन किंवा जागा बदला.

रॉडच्या बाबतीत ठिणगीचा दाब सिग्नलमध्ये मिसळतो, आणि कधी तो सिग्नल वाढवण्याऐवजी कमी करतो. रॉडची वायर इग्निशनच्या वायरीपासून वेगळ्या पाइपातून न्या. एवढ्यानं भागलं नाही तर एमसीबी बंद करून इग्निशन ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे फेज-न्यूट्रल अदलाबदल करून पुन्हा मोजा. बऱ्याच वेळा एवढ्यानं काम होतं.

१३. पायलट व्यवस्थित ओळखला जातो, पण मेन गॅस सुटताच सगळं विझतं किंवा "भप्प" असा आवाज येतो.

"भप्प" आवाज म्हणजे गॅस साचून उशिरा पेटला. बर्नर थांबवा आणि किमान पायलटची, म्हणजे छोट्यात छोट्या पायलटवर मेन पेटतो का याची, चाचणी घ्या. सेन्सरची जागा बरोबर आहे का, हे सांगणारी हीच एक खरी चाचणी आहे.

मेन गॅसचा हातकॉक बंद. पायलट पेटवा आणि कंट्रोलर पायलटच्या टप्प्यावर थांबवता येत असेल तर थांबवा. पायलटचा गॅस हळूहळू कमी करा, सिग्नल जेमतेम टिकेल इतका. आता मेन कॉक उघडा. एवढ्या छोट्या पायलटवरसुद्धा मेन ज्योत लगेच आणि शांतपणे पेटली पाहिजे. पेटली नाही तर ५ सेकंदांच्या आत कॉक बंद, आणि पूर्ण पर्ज झाल्याशिवाय पुढचा प्रयत्न नाही. न पेटण्याचा अर्थ असा की मेन बर्नरला पेटवू न शकणारा पायलटही सेन्सर "आहे" म्हणून सांगतो. सेन्सर सरकवा, जेणेकरून पुरेसा मोठा पायलटच त्याला दिसेल, आणि चाचणी पुन्हा घ्या. हे काम एकट्यानं करू नये. कॉकवर एक माणूस सतत हात ठेवून उभा हवा.

ज्योत विझते पण आवाज होत नाही, तेव्हा मेनचा गॅस किंवा हवा पायलटला उडवून लावते. मेन व्हॉल्व्ह उघडताना दाब किती पडतो ते मॅनोमीटरवर बघा.

१४. सकाळी छान चालतो, दुपारी किंवा तासाभरानं बंद पडतो.

दोन वेगळी कारणं, दोन्ही तापमानाची. एलपीजीच्या सिलिंडरमधून गॅस जोरात ओढला की आतलं द्रव गार होतं, दाब उतरतो, बाहेरून दव किंवा बर्फ दिसतं. ज्योत लहान होऊन रॉडपासून सुटते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू, कारण सिलिंडर परत तापलेला असतो. एकत्र जोडलेल्या सिलिंडरांची संख्या वाढवा किंवा व्हेपोरायझर (द्रवाचा गॅस करणारं यंत्र) बसवा. सिलिंडरवर गरम पाणी किंवा आग हा उपाय नव्हे.

दुसरं कारण सेल तापणं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या बॉयलर हाउसमध्ये भट्टीजवळ त्याहून बराच जास्त. बऱ्याच साध्या यूव्ही सेलची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. सेलच्या अंगाला थर्मामीटर लावून दुपारी तीन वाजता मोजा. ब्लोअरची थोडी हवा सेलच्या नळीतून सोडली, की सेल गार राहतो आणि धूळही मागे ढकलली जाते.

१५. आमचा बर्नर ड्युअल फ्युएल आहे. डिझेलवर चालतो, गॅसवर नाही.

सेन्सर कोणता आहे ते बघा. डिझेलची पिवळी ज्योत साध्या फोटोसेलला दिसते. गॅसची निळी ज्योत त्याला जवळजवळ दिसतच नाही. कुणीतरी स्वस्त म्हणून यूव्हीच्या जागी फोटोसेल बसवलेला असतो. दोन्ही इंधनांना चालणारा, कंट्रोलरच्या मॅन्युअलमध्ये नाव दिलेलाच सेन्सर लावा. उलट बाजूनं, गॅस मुद्दाम पिवळा जाळून फोटोसेलवर चालवणं म्हणजे काजळी, वाया जाणारा गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड.

१६. बेकरीच्या ओव्हनला असं पॅनेलच नाही. नॉब सोडला की ज्योत जाते.

तिथे थर्मोकपल असतो. पायलटच्या ज्योतीत तापून तो काही मिलिव्होल्ट तयार करतो आणि त्यावर व्हॉल्व्हचं चुंबक टिकतं. नॉब ३० सेकंद दाबून धरूनही ज्योत जात असेल तर थर्मोकपल सोडवून, टोक तापलेलं असताना डीसी मिलिव्होल्ट मोजा. २० ते ३० च्या दरम्यान आला तर तो ठीक, मग व्हॉल्व्हचं चुंबक किंवा सैल, मळलेला नट बघा. बराच कमी आला तर टोक ज्योतीत नीट नाही किंवा थर्मोकपल संपला. ज्योत विझल्यावर हा व्हॉल्व्ह बंद व्हायला मिनिटभरही लागू शकतो, म्हणून मोठ्या, ब्लोअरच्या बर्नरवर थर्मोकपलचा भरवसा धरायचा नसतो.

१७. फ्लेम फेल्युअरची चाचणी कशी आणि किती दिवसांनी घ्यायची?

बर्नर चालू असताना सेल नळीतून काढून झाकला, तर कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह तपासले जातात. गॅसचा हातकॉक बंद केला, तर सेन्सर खरी ज्योत गेल्याचं सांगतो का, तेही तपासलं जातं. दोन्ही करा. एकात पास झालेला बर्नर दुसऱ्यात नापास होऊ शकतो, विशेषतः भट्टीची वीट लाल झालेली असताना. म्हणून कॉकची चाचणी भट्टी पूर्ण तापल्यावर घ्या, आणि ज्योत गेल्यापासून व्हॉल्व्हचा "टक्" आवाज येईपर्यंतचे सेकंद लिहा.

आठवड्यातून एकदा ही चाचणी, महिन्यातून एकदा सिग्नलचे आकडे वहीत. आकडा ६ वरून ४ आणि ४ वरून ३ असा उतरताना दिसला, की लॉकआउट येण्याआधीच रॉड किंवा सेल बदलता येतो.

१८. आमचा थर्मोपॅक आठवडाभर न थांबता चालतो. साधा यूव्ही सेल चालेल?

नाही. यूव्ही नळी "पेटलेल्या" अवस्थेत बिघडू शकते (प्रश्न ११), आणि साधा कंट्रोलर हा दोष फक्त सुरू होतानाच पकडतो. म्हणून साध्या सेलवर २४ तासांत निदान एकदा बर्नर बंद होऊन पुन्हा सुरू झाला पाहिजे. सतत चालणाऱ्या बर्नरला स्वतःला तपासणारा सेल लागतो. त्यात छोटी झडप ठरावीक वेळानं सेलसमोर येते आणि त्या क्षणी सिग्नल शून्य होतो का हे कंट्रोलर बघतो. सेल आणि कंट्रोलर दोन्ही त्याच प्रकारचे हवेत. तो खर्च परवडत नसेल तर रोज शिफ्ट बदलताना बर्नर एकदा थांबवून सुरू करण्याची नोंद ठेवा.

१९. माल आज निघायचा आहे. सेन्सर बायपास करून एक दिवस चालवू का?

नाही, एक तासही नाही. बायपास केलेल्या बर्नरची ज्योत गेली तर गॅस सुटतच राहतो, आणि तापलेल्या भट्टीत तो स्वतःच पेटतो. जवळ उभा असलेला बॉयलर अटेंडंट त्यातून वाचेलच असं नाही. नवीन पॅनेल ताब्यात घेताना किंवा जुना बर्नर विकत घेताना सेन्सरच्या टर्मिनलवर डायोड, जंपर किंवा जादा स्विच नाही ना, हे स्वतः उघडून बघा. प्रश्न १७ मधली चाचणी घेतली की लपवलेला बायपासही लगेच उघडा पडतो.

निघायच्या मालासाठी उपाय आधीच करावा लागतो: एक रॉड चिनीमातीसकट, एक यूव्ही सेल, एक क्वार्ट्झ काच आणि इग्निशनची एक वायर कपाटात तयार ठेवा. यूव्ही सेलच्या खोक्यावर आणल्याची तारीख लिहा आणि नवा लावला की लगेच दुसरा मागवा.